डगमग कुणाची?

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या पेठेतली माणसं एकाएकी पुटपुटायला लागली. आधी वाणी, मग पोस्टमन, मग बातम्या सांगणाऱ्या बाई. मराठी माणसाची वाणी कशी खालावत चालली आहे, यावर मी घरात दोन-चार छोटी व्याख्यानंही दिली. त्यावर सौ. काहीतरी म्हणाली, पण ती तरी कुठे स्पष्ट बोलत होती!

एवढ्यावर भागलं असतं तर हरकत नव्हती. पण टेकडीवर फिरायला येणारा माझा वीस वर्षांचा सोबती, तोही बिघडला. मी विचारावं एक, त्यानं सांगावं दुसरंच. पुढेपुढे तर तो मागून यायचा आणि हाकही न मारता निघून जायचा. मी अनुमान काढलं : मुलगा अमेरिकेत गेल्यापासून स्वारीला गर्व झालेला आहे. झालं! मी टेकडी सोडली आणि कालव्याच्या कडेनं फिरू लागलो. असं दीड वर्ष चाललं.

शेवटी सौ.नं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "अहो, सगळं गाव पुटपुटतंय, की एकदा डॉक्टरांना दाखवून यायचं?" तिचं म्हणणं खोटं ठरवावं, एवढ्याच हेतूनं मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं बाकावर जुन्या मासिकांचा ढीग होता. पाककृतींची पानं आधीच कुणी फाडून नेलेली. म्हणून मी विज्ञानाचं एक मासिक उचललं आणि दूरच्या सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांमध्ये सापडलो.

हे ग्रह दिसत नाहीत, हीच त्यातली गंमत. दिसतो तो तारा. पण आजोबा नातवाचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवतात, तेव्हा आजोबांनाही मागे झुकून थोडं डुलावं लागतं. अंधारात नातू दिसला नाही आणि नुसता आजोबांचा पांढरा सदरा डुलताना दिसला, तरी आपण काय ते ओळखतो. ताऱ्याचं तसंच. तो आपल्याकडे डुलला की त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब गेला की तांबड्याकडे. एवढ्यावरून अदृश्य नातवाचं वजन काढायचं!

आपली पूर्वा भाद्रपदा ज्या महाश्व तारकासमूहात आहे, तिथंच ५१ क्रमांकाचा एक तारा आहे. पन्नासेक प्रकाशवर्षं दूर, स्वभावानं आपल्या सूर्यासारखा. १९९४च्या अखेरीस फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत दिदिए क्वेलोझ या जिनिव्हाच्या विद्यार्थ्याला तो डुलताना आढळला. हिशेब केला तर निघालं की गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह चार दिवसांत आणि वर पाच-साडेपाच तासांत प्रदक्षिणा उरकतो आहे. आता, आपल्या गुरूला बारा वर्षं लागतात. म्हणून तर सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. तिकडे नाशिक असतं, तर आठवड्याला जवळजवळ दोनदा घाट धुवावे लागले असते!

आणि क्वेलोझला पहिल्यांदा काय वाटलं? "माझंच यंत्र बिघडलंय." मी वाचता वाचता थांबलो. पुढ्यात नोबेल येऊन बसलेलं, आणि हा यंत्र तपासतो आहे! त्याचे गुरू मिशेल मेयर तेव्हा हवाईत होते, त्यांना कळवलं. पण आपलं कुठे चुकलं असेल, याचा शोध महिनोन्महिने चालला. मग दोघांनी मिळून आधीच मांडून ठेवलं : तारा जुलैत पुन्हा दिसेल, तेव्हा ग्रह खरा असेल तर अमुक रात्री ताऱ्याचा वेग अमुक भरायला हवा. १९९५चा जुलै आला, वेग बरोबर भरला. ६ ऑक्टोबरला फ्लॉरेन्समध्ये जगाला सांगितलं. २०१९मध्ये नोबेलचा निम्मा वाटाही दोघांना मिळाला.

त्याच लेखात पीटर व्हान डी काम्प भेटले. अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेत त्यांनी बर्नार्डच्या ताऱ्याची वर्षानुवर्षं छायाचित्रं घेतली आणि १९६३मध्ये गुरूपेक्षाही जड ग्रह जाहीर केला. दहा वर्षांनी इतरांनी पाहिलं, तर तारा डुलेना. आणखी एक निघालं : त्यांच्या छायाचित्रांतले दुसरे तारेही त्याच सुमारास डगमगले होते. दुर्बिणीच्या भिंगाची बैठक बदलली, तेव्हा! व्हान डी काम्प यांनी हे अखेरपर्यंत मानलं नाही. १९९५च्या मे महिन्यात ते वारले. फ्लॉरेन्स पाच महिन्यांवर होतं. पुढे २०२४-२५मध्ये त्या ताऱ्याभोवती खरेच ग्रह सापडले, पण अगदी चिमुकले. त्यांचे धिप्पाड ग्रह नव्हतेच.

हसू नका. माणूस कष्टाळू होता, प्रामाणिक होता. पंचवीस वर्षं डोळे शिणवल्यावर "भिंगच हललं होतं" म्हणायचं, म्हणजे त्या पंचवीस वर्षांचं काय करायचं? माझी तर दीडच वर्षं होती, तरी जीव तुटत होता.

बरं, स्वतःवर शंका घेणं हा सद्गुण म्हणावा, तर त्यातच मुक्काम ठोकूनही चालत नाही. क्वेलोझ यंत्रालाच दोष देत बसला असता, तर ग्रह केराच्या टोपलीत गेला असता. मग आपलं खरं की भिंगाचं, हे ठरवायचं कसं? मला वाटतं, सगळी मेख त्या जुलैत आहे. आपण खोटे ठरू शकू, अशी एक तारीख समोरच्याला द्यायची. मी माझ्या मित्राला असा जुलै दिलाच नव्हता. "का रे, बोलत का नाहीस?" एवढं विचारलं असतं, तरी निकाल लागला असता. पण अनुमान इतकं सुबक झालं होतं की विचारायची गरजच उरली नव्हती.

डॉक्टरांनी दोन्ही कानांचा आलेख काढला. तो आमच्या घाटातल्या रस्त्यासारखा खाली खाली जात होता. कानात यंत्र बसलं आणि पेठेतली माणसं पुन्हा नीट बोलू लागली.

त्याच संध्याकाळी टेकडीवर गेलो. यंत्र विकत घेण्यापेक्षा ती चढण जड गेली. मित्र बाकावर होता. मी कान दाखवला. तो बघतच राहिला.

"अरे, किती हाका मारल्या तुला! मला वाटलं, लेख छापून यायला लागले, आता हा कशाला बोलतोय आपल्याशी."

म्हणजे त्याच्याकडेही एक ग्रह तयार होताच!

मग कळलं, मधल्या काळात वहिनींचं मोठं ऑपरेशन होऊन गेलं. मुलाला रजा मिळाली नव्हती. तो हाका मारत होता, त्या याच्यासाठी.

मी काही बोललो नाही. अंधार पडत आला होता. मान वळवून तो हळूच काहीतरी म्हणाला. वाऱ्यामुळे असेल, यंत्राला काही ते पकडता आलं नाही.

या खेपेला मात्र मी अनुमान काढलं नाही. जवळ सरकलो आणि विचारलं, "काय म्हणालास?"