न्यायालयात नसलेला साक्षीदार

‘चेर्नोबिल’ मालिकेच्या शेवटच्या भागात शास्त्रज्ञ वालेरी लेगासोव्ह भर न्यायालयात उभे राहतात. लाल आणि निळ्या पाट्या लावत, २६ एप्रिल १९८६ च्या रात्री अणुभट्टीचा स्फोट कसा झाला, ते समजावून सांगतात. मग सरकारने दडवलेला दोष उघड करतात. भट्टी थांबवण्यासाठी आत सोडायच्या नियंत्रक कांड्यांची टोकं ग्राफाइटची होती. त्यामुळे बटण दाबताच भट्टी विझण्याऐवजी आधी भडकली. २०१९ साली जगभर गाजलेल्या या पाच भागांच्या मालिकेचा हा कळस. खटला खरोखर झाला होता, जुलै १९८७ मध्ये, चेर्नोबिल गावातच. लेगासोव्ह मात्र तिथे नव्हते.

पुण्यातली एक तरुण पटकथालेखिका आणि आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेली तिची आत्या यांच्यात यावरून वाद पेटला. भाची पानशेतच्या पुरावर मालिका लिहिते आहे, त्यामुळे तिच्यासाठी हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नव्हता.

“नव्हते, तर काय बिघडलं?” भाची म्हणाली. “दोष तर खरा होता. तज्ज्ञांच्या अहवालांत पडून राहिलेली गोष्ट त्या एका प्रसंगाने घराघरांत पोचवली.”

“दोष खरा होता. पण तो कोणी सांगितला, कधी सांगितला आणि कोणाला सांगता आला नाही, हाही इतिहासच आहे,” आत्या म्हणाली. “ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नाला लेगासोव्ह यांनी सोव्हिएत सरकारची बाजू मांडली. तिथे बहुतेक खापर भट्टी चालवणाऱ्यांवर फोडलं गेलं. मालिका त्यांना न्यायालयात आणून त्याचं प्रायश्चित्त घ्यायला लावते. प्रत्यक्षात ते घडलं नाही, आणि एप्रिल १९८८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्या राजवटीत असं भाषण करायला जागाच नव्हती, ही खरी शोकांतिका. मालिकेने नेमकी तीच पुसून टाकली.”

भाची थोडी थबकली, पण हटली नाही. तिने उलाना खोम्यूकचं उदाहरण काढलं. मालिकेतली ही धाडसी शास्त्रज्ञ पूर्णपणे काल्पनिक आहे. लेगासोव्ह यांना मदत करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांची ती प्रतिनिधी आहे, असं मालिकेच्या अखेरीस सांगितलंही जातं. “इतकी माणसं पाच भागांत कोणाच्या लक्षात राहणार? एकत्र आणल्याशिवाय नाट्य उभंच राहत नाही.”

खोम्यूकबद्दल आत्याची फारशी तक्रार नव्हती. तिच्या पात्रामुळे कोणाच्या माथी काही लागत नाही, असं तिचं म्हणणं. तिला खटकत होते ते अनातोली द्यातलोव्ह. उपमुख्य अभियंता असलेले हे गृहस्थ मालिकेत ओरडतात, धमकावतात, आणि त्या रात्रीच्या जवळजवळ प्रत्येक चुकीमागे त्यांचाच हट्ट दिसतो. त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली, १९९० मध्ये सुटका झाली आणि १९९५ मध्ये ते वारले. दोष भट्टीच्या रचनेत होता, असं ते अखेरपर्यंत सांगत राहिले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटानेही १९९२ च्या अहवालात आपलं १९८६ चं मत बदललं. चालवणाऱ्यांच्या चुका त्याने नाकारल्या नाहीत, पण कारणांचा मोठा भार कांड्यांच्या आणि भट्टीच्या रचनेवर टाकला.

“म्हणजे बघ,” आत्या म्हणाली, “मालिका सोव्हिएत खोटेपणाविरुद्ध उभी राहते, आणि खलनायक मात्र सोव्हिएत न्यायालयाने ठरवलेलाच घेते.”

“पण तीच मालिका कांड्यांचा दोषही सांगते.”

“सांगते. पण प्रेक्षकाच्या मनात काय उरतं? ग्राफाइट की तो ओरडणारा चेहरा?”

यावर भाचीने अधिक अवघड मुद्दा पुढे केला. आग विझवताना किरणोत्सर्गाचा जबर मारा बसलेल्या अग्निशमन जवानाची पत्नी ल्युदमिला इग्नातेन्को हिची कहाणी मालिकेत आहे. पती स्वतःच किरणोत्सर्गी झाला आहे, जवळ जाऊ नकोस, असं तिला बजावलं जातं. तिच्या पोटातल्या बाळाने तो किरणोत्सर्ग शोषून घेतला आणि आई वाचली, असंही पुढे सांगितलं जातं. मॉस्कोत या रुग्णांवर उपचार करणारे अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट गेल यांनी हे चुकीचं ठरवलं आहे. कपडे काढून अंग धुतल्यावर अशा रुग्णाचा इतरांना सहसा धोका नसतो. रुग्णाभोवती पडदे असतात ते त्यालाच जंतुसंसर्गापासून जपण्यासाठी. “पण हे लेखकाने रचलेलं नाही,” भाची म्हणाली. “स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या पुस्तकात ती बाई स्वतः बोलली आहे. तिची आठवण मी खोटी म्हणू?”

इथे दोघीही अडल्या. आठवण प्रामाणिक आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या चूकही. १९८६ नंतर ग्रीससारख्या दूरच्या देशातही अनेक गर्भवतींनी निव्वळ भीतीपोटी गर्भपात करून घेतले, हे लक्षात घेतलं तर ही चूक निरुपद्रवी म्हणता येत नाही. आत्याच्या मते ल्युदमिलाचं ऐकलेलं तसंच दाखवावं, पण मालिकेतल्या जाणत्या शास्त्रज्ञाच्या तोंडून त्यावर शिक्कामोर्तब करू नये. दुःख साक्षीदाराचं असतं. वैद्यकीय निष्कर्षाची जबाबदारी लेखकाची असते.

मग गाडी पानशेतवर आली. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि पुण्यात पाणी घुसलं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण सावरायचा प्रयत्न केला होता. भाचीच्या खर्ड्यात हे सगळं आहे. शिवाय कामाची घाई करणारा एक अधिकारी आहे, आणि प्रत्येक चुकीचा निर्णय त्याच्याच टेबलावर होतो.

“नाव बदल,” आत्याने सुचवलं.

“बदललंच आहे. तरी लोक हुद्द्यावरून माणूस शोधतील. खरं नाव घेतलं तर त्याच्या घरचे कागद घेऊन भांडायला तरी येतील. बदललेल्या नावासाठी ते कोणत्या तोंडाने येणार?”

आत्याकडे याला पूर्ण उत्तर नव्हतं. तिने एक काम सुचवलं. त्या अधिकाऱ्याच्या नावावर टाकलेल्या प्रत्येक निर्णयापुढे समासात मूळ कागदाचा उल्लेख करायचा, आणि जिथे समास कोरा राहील तो निर्णय त्याच्याकडून काढून घ्यायचा.

“पहिल्या भागातले निम्मे प्रसंग गळतील,” भाची म्हणाली. उरलेल्या निम्म्यांवर चाळीस मिनिटं प्रेक्षकाला कसं बसवून ठेवायचं, यावर दोघींची चर्चा सुरू झाली.