तळघरातलं उड्डाण

विमान बाळगणारा माणूस म्हणजे कोट्यधीशच, अशी माझी ठाम समजूत होती. पण अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी नावाच्या गृहस्थांनी १९५३ साली चक्क घरी विमानं बनवणाऱ्यांचं मंडळ काढलं. नाव भारदस्त : ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’. आणि कचेरी? विस्कॉन्सिनमधल्या राहत्या घराचं तळघर! आता तळघरात काही कुणी उडत नाही. तिथं टपाल, वर्गण्या, टाइपरायटर. ते सांभाळलं पत्नी ऑड्रीबाईंनी. आज ऑशकॉशच्या वार्षिक मेळाव्याला दहा हजारांवर विमानं येतात.

मग मोठं कोण? आभाळात उडणारा, की खाली पाकिटं चिकटवणारा?

हा प्रश्न मी तावातावानं घरात मांडला. मी आमच्या सोसायटीचा चिटणीस. नोटिशीवर सही माझी, अक्षर हिचं. प्रश्न मांडतामांडता मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, “यापुढं खाली तुझंही नाव घालू.”

“नाव नको,” ही म्हणाली, “त्यापेक्षा नोटिसा वाटायला चार जिने तुम्ही चढा.”

मी मुकाट्यानं निघालो. चौथ्या मजल्यावर धाप लागली. श्रेय वाटणं सोपं असतं हो. काम वाटून घेताना दम लागतो!