मिनिटाची परीक्षा आणि दोन वर्षांची तयारी

वैद्यकीय शिक्षणाचे द्वार उघडणाऱ्या नीट परीक्षेत आज १८० प्रश्न असतात आणि मुदतही १८० मिनिटांचीच असते. म्हणजे प्रश्न वाचणे, तो मनात उलगडणे, चार पर्याय तोलणे आणि उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ काळे करणे या साऱ्यासाठी उमेदवाराच्या वाट्याला सरासरी एकच मिनिट येते. या परीक्षेचे सामर्थ्य आणि तिच्यामुळे शिक्षणावर आलेले संकट, ही दोन्ही या एका हिशेबात सामावली आहेत.

सामर्थ्य आधी सांगणे न्यायाचे होईल. निरनिराळ्या मंडळांच्या गुणपत्रिका एका तराजूत घालता येत नाहीत. अशा वेळी सर्वांपुढे तेच प्रश्न ठेवावेत, ते मराठीतूनही वाचण्याची मुभा असावी आणि उत्तरे तपासताना उमेदवाराचे नाव, जात वा तालुका विचारात येऊ नये, ही व्यवस्था औशाच्या शेतकऱ्याच्या मुलीला मुंबईच्या डॉक्टरच्या मुलाशेजारी बसवते. शिकवणीची फी भरण्याच्या ऐपतीतील तफावत त्यामुळे मिटत नाही, हे खरे. तरीही परीक्षाच मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

अनर्थ झाला आहे तो निराळ्याच ठिकाणी. एका मिनिटात विचार होत नाही, फार तर ओळख पटते. आणि म्हणून अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून मुलांना प्रश्नांचे साचे ओळखण्याची तालीम दिली जाते, प्रयोगवही शेजाऱ्याची पाहून उतरवली जाते, आणि कागदोपत्री महाविद्यालयात असलेला विद्यार्थी दिवसभर शिकवणीवर्गात बसतो. परीक्षेची घाई आपण तयारीत आणून सोडली आहे.

एक उदाहरण घ्यावे. लंबकाच्या दोलनकालाचे सूत्र विचारले आहे आणि चार पर्याय समोर आहेत. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुणाची कपात असल्यामुळे, ज्याचे एकक सेकंद येत नाही तो पर्याय कापा, अशी युक्ती वर्गात शिकवली जाते. युक्ती खोटी नाही; पण लांबीला गुरुत्व त्वरणाने भागून वर्गमूळ काढले की सेकंदच उरतो, आणि म्हणूनच गोळ्याचे वस्तुमान त्या सूत्रात शिरूच शकत नाही, हे ज्या मुलीने दोऱ्याला आधी लहान आणि मग मोठा दगड बांधून स्वतः पडताळले, तिच्या हाती तीच युक्ती शास्त्र होते; इतरांच्या हाती ते केवळ कसब राहते आणि प्रश्न किंचित फिरवून विचारला की निकामी ठरते.

राजर्षी शाहू महाविद्यालयाशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या लातूर पॅटर्नने जादा तास आणि सरावाची शिस्त यांच्या बळावर मराठवाड्यातील मुलांना गुणवत्ता याद्यांत मानाचे स्थान मिळवून दिले, ही अभिमानाचीच गोष्ट. मात्र सराव समजुतीच्या मागून आला तरच तिला बळ देतो. समजुतीच्या जागी बसवला की तिलाच हुसकावून लावतो.

म्हणून पालकांना आणि प्राचार्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, अकरावीचे वर्ष घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्यांपासून मुक्त ठेवावे, प्रयोगशाळा खरोखरच उघड्या ठेवाव्यात, आणि बारावीत सराव परीक्षा सुरू झाल्यावर प्रत्येक चुकलेल्या उत्तराशेजारी, ते आपल्याला बरोबर का वाटले, हे मुलाकडून लिहून घ्यावे. परीक्षेतील मिनिट आपल्या हाती नाही, ही दोन वर्षे मात्र आहेत. आणि सोळाव्या वर्षी जी मुले एका प्रश्नापाशी तासभर थांबायला शिकतात, त्यांना अठराव्या वर्षी ते मिनिट पुरण्याचा संभव अधिक, शिवाय पुढे चार पर्यायांविना समोर येणाऱ्या रोग्यालाही त्यांचाच भरवसा वाटेल.