घरच्या मैदानावरील साक्ष

खेळणाऱ्याला नियम असतात. पंचाच्या तर हाती नियमांचे पुस्तकच असते. परंतु जो नुसता पाहावयास येतो त्याला काही नियम आहे काय? हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. खेळ पाहणे ही विश्रांतीची गोष्ट; तेथे जाताना माणसाने आपला विवेक वहाणांबरोबर बाहेर ठेवावा, असेच बहुतेकांचे मत असते, आणि दिवसभर कचेरीत किंवा वर्गात विवेकाचे ओझे वाहिलेल्या गृहस्थास ते मत गोड वाटावे यात नवल नाही. आमचे म्हणणे असे की, प्रेक्षकासही एक धर्म आहे, आणि आपल्या गावच्या मैदानावर तो अन्य ठिकाणांपेक्षा अधिक कडक असतो.

विषय हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. चंद्रपूरहून गडचिरोलीस जाताना वाटेत मूल हे तालुक्याचे गाव लागते. हा सर्व धानाचा मुलूख. रस्त्याच्या दोहों अंगांस बांध्या आणि तळी, गावात धानाच्या गिरण्या. दिवाळीनंतर कापणी होऊन धानाचे पुंजणे उभे राहिले की या झाडीपट्टीतील माणसाच्या जिवाला थोडा विसावा मिळतो. मग गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके होतात आणि कबड्डीचे सामने रंगतात. महाविद्यालयांचे सामनेही याच सुमारास. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्यास जोडलेली आहेत. त्यामुळे आता नागपूरकडे न पाहता इकडची मुले इकडच्याच मुलांशी झुंजतात. असाच एक सामना आम्ही गेल्या हिवाळ्यात मूल येथे पाहिला.

सकाळीच मैदानावर पाणी मारून माती बसविली होती. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे क्रीडांगण चुन्याच्या फक्कीने आखले होते. मोठ्या शहरांतून आता हा खेळ गादीवर होतो. येथे अजून माती आहे, आणि मातीवरच्या पकडीचा जो एक दबका आवाज येतो तो गादीवर येत नाही, हे आम्ही पक्षपाताने नव्हे, कानांनी सांगतो. दहा वाजेपर्यंत दोरीच्या पलीकडे तीन-चार ओळी माणसे झाली. विद्यार्थी होतेच, पण गिरणीवरचे हमाल होते, बाजाराला आलेले शेतकरी होते, खांद्यावर मूल घेतलेले बाप होते. पाहुणा संघ गडचिरोली जिल्ह्याच्या पार आतल्या भागातून पहाटेची बस धरून आला होता. त्याच्याबरोबर एक शिक्षक आणि एक पाण्याची बादली, एवढाच परिवार. त्यांच्यासाठी टाळी वाजविणारे त्या सर्व समुदायात कोणी नव्हते.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची तीन मिनिटे उरली असता दोन्ही बाजूंचे गुण समान होते. यजमानांचा चढाईपटू आत गेला, बोनस रेषेपर्यंत पोहोचला, वळताना त्याने डाव्या कोपऱ्यातील गड्यावर हात टाकला आणि तो मध्यरेषा ओलांडून परत आला. हात लागला की नाही? जवळचा पंच आणि तो हात यांच्या मध्ये नेमका त्याच क्षणी दुसरा गडी आला होता. परंतु पंचाने मान वळविण्यापूर्वीच सगळा समुदाय एका कंठाने ओरडला, “लागला!” गुण यजमानांस मिळाला. पाहुण्यांचा संघनायक सरपंचापाशी गेला, दोन शब्द बोलला आणि निमूटपणे आपल्या जागी येऊन उभा राहिला.

आम्ही समोरच्या अंगास होतो. आम्हांस तो हात लागलेला दिसला नाही, आणि न लागलेलाही दिसला नाही. पण आमच्या शेजारचे शंभर लोक आमच्याच ठिकाणी उभे राहून “लागला” म्हणून ओरडले होते. त्या कोपऱ्याच्या अगदी लगत एक वृद्ध शेतकरी बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, “नाही लागला.” एक विद्यार्थी त्याच्यावर उसळला, “काका, तुमी कोनाकडचे जी?” म्हातारा शांतपणे उत्तरला, “पोरगा आपलाच आहे. पन हात नाही लागला.” त्यानंतर त्याच्याशी कोणी बोलले नाही. सामना संपेपर्यंत त्याच्याभोवती हातभर जागा मोकळी राहिली.

आता, या प्रसंगावरून पक्षपातच वाईट असा सिद्धान्त काढणारे कित्येक निघतील. खऱ्या रसिकाने दोन्ही बाजूंस समदृष्टीने पाहावे, उत्तम चढाईस टाळी द्यावी, मग ती कोणाचीही असो, असे हे लोक म्हणतात. ऐकावयास हे मोठे उदात्त आहे; परंतु ज्याला कोणीच जिंकावेसे वाटत नाही तो सामन्याला येतो कशाला, हे आम्हांस उमगलेले नाही. गुण समान असताना तीस सेकंदांच्या एका चढाईत छातीत जी धडधड होते, ती समदृष्टीच्या माणसाच्या नशिबी नाही. आपल्या गावच्या पोराला आपण जिंकू इच्छितो, कारण त्याला आपण लहानाचा मोठा होताना पाहिले आहे, त्याच्या बापाची दोन एकर धानाची शेती आपल्याला ठाऊक आहे. या ममत्वास दोष देणारा मनुष्य उद्या आईलाही सांगेल की, सर्व मुलांवर सारखेच प्रेम कर. तेव्हा पक्षपाताचा आम्ही निषेध करीत नाही. प्रेक्षकाचा तो हक्कच आहे. प्रश्न एवढाच की, या हक्काची हद्द कोठवर?

येथे मराठी व्याकरण आपल्या मदतीला येते. दोरीपलीकडचा समुदाय दिवसभर काय बोलत होता ते आठवून पाहावे. “पकड!” “सोडू नको!” “दम टिकव!” हा सगळा आज्ञार्थ. आज्ञेत खरेखोटे नसते. ती इच्छा असते, आणि इच्छेवर पक्षपाताचा पूर्ण अधिकार आहे. “लागो रे बाबा हात,” असे कोणी म्हटले असते तरी ते निर्दोष होते. परंतु “लागला” हा भूतकाळ आहे. तेथे बोलणारा इच्छा सांगत नाही, साक्ष देतो. आणि साक्षीत आपला-परका कोठून येणार? त्या क्षणी समुदायाने नकळत क्रियापद बदलले. सगळी गोष्ट त्या एका बदलात आहे. म्हाताऱ्याने मात्र दोन्ही वाक्ये वेगळी ठेवली: पोरगा आपला, हे ममत्व, हात लागला नाही, ही साक्ष. एकाच दमात त्याने दोन्ही सांगितली आणि दोहोंत त्याला काही विरोध दिसला नाही.

यावर वकिलाचा दाखला देण्यात येतो. वकील एकाच पक्षाची बाजू मांडतो, तरी त्याला कोणी अप्रामाणिक म्हणत नाही. निवाडा करावयास न्यायाधीश बसलेलाच असतो. तसे मैदानावर पंच आहेत. समुदायाने आपल्या बाजूने ओरडावे, पंचांनी निवाडा करावा. दाखला चतुर आहे, पण लंगडा आहे. वकील युक्तिवाद करतो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन “मी पाहिले” असे तो म्हणत नाही. ज्या दिवशी वकीलच साक्षीदार होईल त्या दिवशी न्यायाधीशाने काय करावे?

घरच्या मैदानावर तर ही अडचण दुप्पट होते. परक्या गावी गेलेल्या संघास तेथे साक्षीदारच नसतात. यजमानांच्या बाजूने बोलणारे हजार, पाहुण्यांच्या बाजूने एक शिक्षक. पाहुण्यांवर अन्याय झाला तर तो पाहणारे डोळे कोणाचे? आमचेच. आपल्याकडे दारी आलेल्यास पाणी देण्याचे कर्तव्य कोणी नाकारीत नाही. त्या दिवशीही पाहुण्या मुलांना जेवण उत्तम दिले गेले, वाढणाऱ्यांनी आग्रह करकरून वाढले. पण पाहुण्याला पोटभर भात घालावा आणि त्याचा एक गुण मात्र गिळावा, हे आतिथ्य आम्हांस विचित्र वाटते. कोणी म्हणेल की, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, साक्षीदार कशाला हवेत? मोबाइल त्या मैदानावरही शेकड्यांनी होते. पण ते सगळे आपल्याच चढाईपटूच्या चेहऱ्यावर रोखलेले! आणि दूरचित्रवाणीवरच्या व्यावसायिक सामन्यांप्रमाणे चित्रण पाहून निर्णय फिरविण्याची सोय तालुक्याच्या मैदानावर नसते.

अशा आरोळीचा आणखी एक तोटा आहे, तो ओरडणारांच्या ध्यानी येत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात २ जून २०१० चा एक सामना प्रसिद्ध आहे. डेट्रॉइट येथे घरच्या मैदानावर तेथील संघाचा गोलंदाज आर्मांडो गालारागा याने क्लीव्हलंडचे सव्वीस फलंदाज ओळीने, एकालाही पायथ्यावर पोहोचू न देता, बाद केले होते. सत्ताविसावा बाद झाला म्हणजे ‘परिपूर्ण सामना’ व्हावयाचा. तेथील प्रमुख स्पर्धांच्या सुमारे एकशेतीस वर्षांत तोवर असे सामने अवघे वीस झाले होते. सत्ताविसावा फलंदाज पहिल्या पायथ्यावर धावला, चेंडू त्याच्याआधी पोहोचला, आणि पंच जिम जॉइस यांनी त्यास नाबाद ठरविले. सगळे मैदान खवळले. या वेळी मैदान खरे बोलत होते. पंचाचीच चूक होती. परंतु पंचाने ते कसे ओळखावे? चेंडू उशिरा आला असता तरी घरचा समुदाय तसाच ओरडला असता. जो नेहमी एकच उत्तर देतो त्याचे उत्तर कोणी विचारीत नाही. मग एखादे दिवशी ते बरोबर असले तरी फुकट जाते. मूलच्या मैदानावर उद्या यजमानांवरच अन्याय झाला तर त्यांची आरोळी पंचांनी कोणत्या भावाने घ्यावी?

डेट्रॉइटची पुढची हकीकत सांगण्यासारखी आहे. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रण पाहिले, आपली चूक उघडपणे कबूल केली आणि गालारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर पंच म्हणून ते उभे राहिले. संघाची यादी त्यांच्या हाती द्यावयास स्वतः गालारागा गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आणि ज्यांचा विक्रम हिरावला गेला होता त्याच गावच्या प्रेक्षकांतून टाळ्यांचा आवाज उठला.

खरे बोलल्याने शेवटी आपलाच लाभ होतो, असे आम्ही येथे सांगणार नाही. कारण ते नेहमी खरे नसते. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावरील कसोटीत पंचाने इंग्लंडच्या बॉब टेलर यास झेलबाद दिले असता भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्यास परत बोलाविले, कारण चेंडू बॅटीला लागला नाही असे त्यांना वाटत होते. टेलर आणि बोथम यांनी त्यानंतर मोठी भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथांनी किंमत मोजली, पूर्ण मोजली. मूलच्या त्या वृद्धानेही एक लहानशी किंमत मोजलीच. हातभर मोकळी जागा ही गावात लहान शिक्षा नव्हे. ज्या माणसांत पेरणीपासून कापणीपर्यंत राहावयाचे, सोयरिकी करावयाच्या, अडल्या वेळी बैल मागावयाचे, त्यांनीच तोंड फिरवावे, हे सोसणे शहरातल्या माणसास वाटते तितके सोपे नाही.

म्हणून प्रत्येक प्रेक्षकाने त्या वृद्धासारखे उभे राहून पंचास सत्य सांगावे, असा आमचा हट्ट नाही. तेवढी छाती सर्वांना नसते, आणि प्रत्येक चढाईनंतर हजार साक्षीदार बोलू लागले तर खेळच थांबेल. आम्ही मागतो ते फार थोडे: जे दिसले नाही त्याचा भूतकाळ करू नये. त्या क्षणी गप्प बसता येते. “शाब्बास!” म्हणता येते, तेही खोटे नाही, कारण चढाई खरोखरच शर्थीची होती. आणि जे लगत बसून प्रत्यक्ष पाहतात त्यांनी, जमेल तर, निदान शेजाऱ्याला खरे सांगावे. बापाच्या खांद्यावरून पाच-सहा वर्षांची मुलेही “लागला” म्हणून ओरडत होती. त्यांना पुढे कधी कोणाच्या बांधाच्या तंट्यात, कोणाच्या मारहाणीच्या खटल्यात साक्ष द्यावी लागेल. आपल्या भावकीच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय तेथे आयत्या वेळी सुटत नाही. पंच हा शब्द कबड्डीने गावच्या पंचायतीतूनच घेतला आहे. पंचांमुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, पण पंचाच्या कानावर जे पडते ते तुमच्या-आमच्या मुखातून.

ममत्व आणि साक्ष ही दोन्ही एका गर्दीत नांदू शकत नाहीत, असे कोणास वाटत असल्यास त्याने एकाच देशातील दोन मैदाने शेजारी ठेवून पाहावीत. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्यास विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारताचे आठ गडी १२० धावांत पडले, तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, आणि खेळ थांबवून सामना श्रीलंकेस बहाल करावा लागला. पुढे तीनच वर्षांनी, ३१ जानेवारी १९९९ रोजी, चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारतास अवघ्या बारा धावांनी हरविले. तेंडुलकरच्या १३६ धावा वाया गेल्या होत्या. विजय हातातोंडाशी येऊन गेला होता. पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी मारू लागले, आणि क्षणभर सुन्न बसलेले प्रेक्षक उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू लागले. सबंध दिवस त्यांनी प्रत्येक चेंडूस भारतासाठीच श्वास रोखला होता.