वाघ दिसला नाही, तर पैसे वाया गेले का?



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे ताडोबाला जाऊन आली. ज्यांना वाघ दिसला त्यांनी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातच कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. ज्यांना दिसला नाही त्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "फादर, तीन सफाऱ्या केल्या, पण पैसे वसूल झाले नाहीत." त्यांना मी दोष देत नाही. रेल्वेची तिकिटे, राहण्याचा खर्च, जिप्सीचे भाडे, गाइडचे पैसे, एवढे सारे करून माणूस चंद्रपूरपर्यंत जातो तेव्हा त्याने काही अपेक्षा ठेवणे साहजिक आहे. तरीही या वाक्यात नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. आपण पैसे नेमके कशाचे दिले? गाडीतल्या जागेचे की वाघाचे?

कायद्याने पाहिले तर उत्तर सोपे आहे. परवाना मिळतो तो प्रवेशाचा. वाघ दाखवण्याची हमी वनखाते देत नाही. पण मनाने आपण वेगळेच काही विकत घेतलेले असते. जंगलात जे बिघडते त्यातले बरेचसे या फरकातून बिघडते, असे मला वाटते.

पर्यटनाच्या बाजूने जे बोलले जाते ते आधी मांडतो, कारण त्यात पुष्कळ तथ्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा झाला १९७२ साली. त्याआधी जंगलात जाणारा श्रीमंत पाहुणा बंदूक घेऊन जात असे; आज तो कॅमेरा घेऊन जातो. ही प्रगती लहान नव्हे. महाराष्ट्रात २००६च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२च्या गणनेत ४४४ झाले. हे सगळे पर्यटनाने झाले असे कुणी म्हणू नये. पहारा देणारे वनरक्षक, गावे उठवून मोकळी केलेली जंगले, कायद्याचा धाक, या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण मोहर्ली-कोलारा भागातल्या तरुणांना गाइडचे काम मिळाले, तिथल्या स्त्रियाही आता गाइड म्हणून गाडीत बसतात, प्रवेश शुल्कातला पैसा संरक्षणाच्या कामी येतो, हे खरे आहे. जंगल राहिले तर आपली चूल पेटेल हे ज्या घराला कळले, ते घर शिकाऱ्याला सहजासहजी वाट दाखवत नाही.

याहून मोठे उदाहरण आफ्रिकेतले आहे. रवांडा, युगांडा आणि काँगो या देशांच्या सीमेवर विरुंगा नावाचे ज्वालामुखींचे डोंगर आहेत. तिथे पर्वतीय गोरिला राहतात. १९८१च्या सुमारास तिथे ते जेमतेम अडीचशे उरले होते. २०१५-१६च्या गणनेत त्याच डोंगरांत ६०४ भरले. रवांडाने २०१७ पासून एका परदेशी पाहुण्याच्या परवान्याची किंमत १५०० डॉलर केली. एवढे पैसे भरूनही काय मिळते? एका गोरिला कुटुंबापाशी दिवसातून एकच गट, त्यात आठच माणसे, आणि एकच तास. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याला परत पाठवतात, कारण माणसाची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. पाहुण्याच्या पैशाला तिथे भरपूर मान आहे, पण तास भरला की त्याला उठावेच लागते. मला या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता आपल्याकडचा प्रसंग पाहा. ३१ डिसेंबर २०२४. नागपूर-भंडारा जिल्ह्यांतील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला 'एफ २' या नावाने ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. सफारीच्या गाड्या पुढूनही आल्या, मागूनही आल्या. आई आणि पिले मध्ये कोंडली गेली. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली, आणि जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड यांना निलंबित करण्यात आले, दंडही झाला.

शिक्षा योग्यच होती. पण चालक गाडी पुढे का घेतो? मागे बसलेला पाहुणा म्हणतो, "दादा, जरा पुढे घ्या ना." दुसरा म्हणतो, "त्या गाडीला दिसतोय, आपल्याला का नाही?" वाघ दिसला तर बक्षिशी मिळते, न दिसल्यास चेहरे उतरतात. त्या गावच्या पोराला ते चेहरे रोज वाचावे लागतात. आमच्या धर्मशिक्षणात 'दुष्कृत्यातील सहकार्य' असा एक विषय असतो. चोरी स्वतः न करता चोराला शिडी धरणारा किती दोषी, असा तो विचार आहे. शिडी धरणाऱ्याची इच्छा चोरासारखीच असेल तर त्याची जबाबदारीही तशीच मोठी, आणि भीतीने किंवा पोटासाठी धरली असेल तर काहीशी कमी, असे साधारणतः शिकवले जाते. ही फूटपट्टी जिप्सीला लावून पाहा. तिथे इच्छा कुणाची असते आणि पोटासाठी कोण राबत असतो? दंडाची पावती मात्र पुढच्या सीटवर फाटते.

आपल्या वसईकरांना हे समजायला कठीण जाऊ नये. रविवारी कळंब-राजोडीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या गाड्या आपण पाहतो. वाडीच्या कुंपणापाशी गाडी उभी करून कुणी आपल्या घराचा, ओट्यावर बसलेल्या आजीचा फोटो काढतो, विचारतही नाही. त्याने रिसॉर्टचे पैसे दिलेले असतात, त्यामुळे सारा गावच त्याला त्या पैशांत आला असे वाटते. आजी निदान उठून आत जाऊ शकते!

मूळ प्रश्नाकडे येतो. 'वाघ जगला पाहिजे, कारण त्याच्यामुळे पैसा येतो', हे वाक्य आज सगळेच बोलतात. अधिकारीही आणि निसर्गप्रेमीही. सरकारदरबारी पटावे म्हणून ते बोलावे लागते, हे मी समजू शकतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवता येते. प्रतिष्ठा असलेल्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. कांटने ही प्रतिष्ठा बुद्धी असलेल्या माणसापुरतीच ठेवली. जनावराला क्रूरपणे वागवू नये, पण ते माणसाचा स्वभाव बिघडू नये म्हणून, असे त्याचे मत होते. आमचे संत थॉमस अक्वायनसही क्रूरतेविषयी साधारण असेच लिहितात. मात्र दुसऱ्या एका ठिकाणी ते याच्या पुढे जातात. परमेश्वराचे चांगुलपण एका प्राण्यात मावणारे नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. एकात जे कमी ते दुसऱ्यात भरून निघते, असा त्यांचा विचार आहे. त्यानुसार एक जात नष्ट झाली की त्या चांगुलपणाचा एक अंश दाखवणारे दुसरे कुणी उरत नाही. तिथे तिकिटाच्या रकमेचा हिशोब लागू पडत नाही. या बाबतीत कांटपेक्षा थॉमस मला अधिक खोल वाटतात.

किमतीचा हिशोब कुठे फसतो ते पाहायला सोलापूरला जावे. नान्नज येथे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ साली झाले. माळढोक उघड्या गवताळ माळावर राहतो, जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि माणसाची चाहूल लागली की दूर निघून जातो. संपूर्ण देशात आज तो दीडशेच्या आसपास उरला आहे, तोही बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता क्वचितच दिसतो. त्याच्यासाठी जिप्सींची रांग लागत नाही. वाघाचे जंगल निदान जंगलासारखे दिसते. माळरान तर सरकारी कागदावर 'पडीक' म्हणून लिहिले जाते. विहीर खणा, ऊस लावा, विजेच्या तारा ओढा, कुणाचे काय जाते? जो प्राणी पैसे मिळवून देतो त्याने जगावे असे एकदा ठरवले, तर माळढोकाने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

बायबलमध्ये ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर ईयोबाला प्रश्न विचारतो. त्यांतले बरेच प्रश्न रानातल्या प्राण्यांचे आहेत. डोंगरातली रानबकरी केव्हा विते, रानगाढवाला मोकळे कुणी सोडले, जमिनीवर अंडी टाकून जाणारी शहामृगी. माणूस जिथे राहतच नाही अशा ओसाड भूमीवर पडणाऱ्या पावसाचाही तिथे उल्लेख आहे. माणसाच्या उपयोगाचा एकही प्राणी त्या यादीत नसावा असे वाटेपर्यंत ती लांबते (घोडा तेवढा आहे, तोही लढाईचा). ईयोबाने यांतले बरेचसे कधी पाहिलेले नाही, पाहणारही नाही, आणि ते त्याच्यावाचून उत्तम चालले आहे. दुःखाने पिचलेल्या माणसाला हे का ऐकवावे, याचे कोडे मला सेमिनरीत पडत असे. पर्यटनाच्या निमित्ताने ही पाने मी पुन्हा वाचली तेव्हा ती वेगळ्या अंगाने कळली.

आणखी एक बाजू राहिली, ती सर्वांत जड आहे. ताडोबाच्या जंगलातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे बाहेर हलवली गेली. 'ताडोबा' हे नावच तारू या गोंड गावप्रमुखावरून पडले असे मानतात. वाघाशी झुंजताना तो मारला गेला, अशी कथा आहे, आणि तलावाकाठी त्याचे देवस्थान आहे. ज्यांचा देव आत आहे ती माणसे बाहेर आली. राष्ट्रीय उद्यानात मोहाची फुले वेचायला मनाई आहे, पण पहाटे कॅमेरा घेऊन जायला मनाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत पर्यटन थांबवले होते; ज्या गाभ्यातून आदिवासींना हलवले तिथे पर्यटक कसे चालतात, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली, गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन चालेल असे ठरले, आणि बंदी उठली. प्रश्न मात्र तसाच राहिला.

वाघ वाढले, ते कुंपणात राहत नाहीत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. याच दिवसांत आपल्याकडे सुट्टी असते आणि सफारीचे आरक्षण भरलेले असते, कारण उन्हात वाघ पाणवठ्यावर हमखास येतो. ज्या जिल्ह्यात पाहुणा वाघ दिसावा म्हणून देवाला विनवतो, त्याच जिल्ह्यात एखादी आई तो दिसू नये म्हणून विनवत घराबाहेर पडते. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात वाघांच्या खुणा मोजण्यासाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षकही वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती वाघीण 'माया', ताडोबाची सर्वाधिक फोटो निघालेली वाघीण असे म्हणतात. आपल्या भिंतीवरच्या त्या सुंदर फोटोमागे पायी चालणारी अशी माणसे आहेत.

मग जावे की जाऊ नये? मला कुणी विचारले तर मी जा म्हणतो. मुलांनी जंगल पाहावे. पण राहायचे ठिकाण निवडताना तिथे काम करणारे, कमावणारे लोक आसपासच्या गावांतले आहेत का, एवढी चौकशी करावी. चालकाला निघतानाच सांगावे की, वाघ दिसला नाही तरी तुमची बक्षिशी ठरलेली आहे. एवढ्या एका वाक्याने त्याच्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर काय परिणाम होतो ते पाहावे. रस्त्यात बछड्यांची आई असेल तर "गाडी मागे घ्या" हे आपणच म्हणावे. गाडीतली बाकीची मंडळी नाराज होतील, ते सोसावे लागेल.

आणि ज्यांना तीन सफाऱ्यांत वाघ दिसला नाही त्यांना मी विचारले, काय दिसले? एका मुलीने सांगितले की अस्वल वारूळ उकरताना दिसले, मोराचे पीस सापडले होते पण गाइडकाकांनी ते तिथेच ठेवायला लावले, आणि एकदा माकडे अशी काही ओरडली की गाडीतले सगळे दहा मिनिटे गप्प बसले. वाघ जवळच होता, आला नाही. हे सांगताना तिचे डोळे मोठे झाले होते. पैशांचे तिच्या वडिलांनी सांगितले, तिने नाही.

युवक मंडळाचा डिसेंबरमध्ये ताडोबाला जाण्याचा बेत आहे. या विषयावर ज्यांचे मत वेगळे आहे, विशेषतः जे जाऊन आले आहेत, त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात थांबावे. तारीख ठरवताना मंगळवारी उद्यान बंद असते, हे मंडळाने ध्यानात ठेवावे.

आपला,
धर्मगुरू