कंपनीचे पापपुण्य

ज्यांना देह नाही, पण कायद्याने ज्यांना व्यक्तित्व बहाल केले आहे, ज्यांच्या नावे जमीनजुमला असू शकतो आणि ज्यांना दावा लावता येतो, अशा दोन व्यक्ती हिंदुस्थानच्या न्यायदरबारात फार दिवसांपासून शेजारीशेजारी नांदत आहेत : एक देवळातील देव आणि दुसरी व्यापारी कंपनी. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ साली, सालोमन नावाच्या जोड्यांच्या कारखानदाराच्या खटल्यात, कंपनी आणि तिचा मालक हे कायद्याच्या दृष्टीने भिन्न होत असे ठरवून टाकले. आणि बंगालमधील मल्लिक घराण्याच्या कज्ज्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, देव म्हणजे वाटेल तिकडे हलवावी अशी जंगम मालमत्ता नव्हे, त्याचे हित मांडावयास स्वतंत्र प्रतिनिधी हवा, असा निर्वाळा दिला. देवाचा कारभार वहिवाटदार पाहतो, कंपनीचा संचालक मंडळ. दोघेही दुसऱ्याच्या नावाने सही करतात. परंतु देवद्रव्य खाणाऱ्या वहिवाटदाराची गती काय होते हे आपल्या परंपरेने निःशंकपणे सांगून ठेवले आहे. कंपनीने डोंगर खाल्ला, ओढे गढूळ केले किंवा माणसे बुडविली, तर ते पाप कोणाच्या खाती मांडावयाचे हा प्रश्न मात्र आपण अजून धर्मशास्त्राला नीट विचारलेलाच नाही.

अडचण उघड आहे. कर्मसिद्धान्ताला कर्ता लागतो. ज्याने केले त्याने भोगावे हा त्याचा कणा. कंपनीची रचना नेमकी याच्या उलट हेतूने झालेली असते. भागधारकाची जबाबदारी त्याने गुंतविलेल्या भांडवलापुरती मर्यादित, संचालक बदलते, व्यवस्थापक पगारी, आणि या साऱ्यांच्या वर जी ‘व्यक्ती’ आहे तिला ना अंतःकरण ना परलोक. धनबादजवळच्या चासनाला येथील कोळशाच्या खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या, टाकून दिलेल्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी मधला थर फोडून खाली कोसळले आणि सुमारे पावणेचारशे कामगार भूगर्भात बुडून मेले. त्या खटल्याचा निकाल २०१२ साली लागला. तोवर आरोपींपैकी काही जण मरून गेले होते, आणि जिच्या मालकीची ती खाण, ती कंपनीही २००६ साली दुसऱ्या मोठ्या सरकारी कंपनीत विलीन होऊन आपले निराळे अस्तित्व गमावून बसली होती. नामरूप गेल्यावर कर्मही गेले असे मानणारा चार्वाकसुद्धा यापुढे संकोचला असता. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की वरच्या पोकळीत पाणी साठते हे ज्ञान खाणविद्येत नवे नव्हते. दोन खोदकामांमध्ये किती जाडीचा अभंग खडक राखावा, हाच तर त्या विद्येचा पहिला पाठ.

अशा वेळी अधिकारीवर्ग जे सांगतो ते मोठे विलक्षण असते. मी निमित्तमात्र होतो, हुकूम वरून आला, वरच्यांना मंडळाने सांगितले, मंडळाला भागधारकांचे हित पाहावे लागते. हे ऐकताना गीतेचा भास होतो, कारण कर्तृत्वाचा अभिमान सोडावा हे गीतेनेही सांगितले आहे. पण गीतेने कर्तृत्वाबरोबर फळाचीही आसक्ती सोडावयास लावली, आणि ही मंडळी कर्तृत्व तेवढे सोडतात, फळ मात्र लाभांशाच्या आणि बढतीच्या रूपाने घट्ट धरून ठेवतात. अर्ध्या गीतेइतके सोयीचे शास्त्र दुसरे नाही.

माझ्या मते मात्र हा प्रश्न आपल्या पूर्वजांना अगदीच अपरिचित नव्हता. मीमांसकांपुढे तो यज्ञाच्या रूपाने उभा होता. आहुती देतो ऋत्विज, मंत्र म्हणतो ऋत्विज, आणि स्वर्ग मिळतो यजमानाला, हे कसे? त्यांनी उत्तर दिले की दक्षिणा देऊन जो कर्म करवितो, फळ त्याचे. हा न्याय एकाच बाजूने लावता येत नाही : पुण्य जर करविणाऱ्याचे, तर करवून घेतलेल्या कर्मातील दोषाची झळही त्याला लागलीच पाहिजे. म्हणूनच त्या यज्ञमंडपात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज केवळ चूक कोठे होते हे पाहण्यासाठी आणि झाल्यास तत्क्षणी प्रायश्चित्त करण्यासाठी बसविलेला असे, आणि त्याचे बहुतेक मौन हाच त्याचा अधिकार असे. खाणींच्या सुरक्षेचे निरीक्षक आपणही नेमतो. फक्त आपल्याकडे त्यांच्या मौनाचा अर्थ निराळा होऊ लागला आहे.

याहूनही स्पष्ट बोलतो तो मनू. पशुहत्येच्या संदर्भात तो केवळ सुरी चालविणाऱ्यावर थांबत नाही. अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना तो घातक ठरवितो, आणि या यादीत अनुमती देणाऱ्याला त्याने अग्रस्थान दिले आहे. लाभांश वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. पाप वाटल्याने कोणाचेच कमी होत नाही, असा हा हिशेब आहे. मनूची इतर मते आपण टाकून दिली आहेत आणि ते योग्यच झाले, पण कंपनीपुरती ही यादी तेवढी ठेवावी असे मला वाटते.

ओडिशातील नियमगिरीवर जे घडले ते या दृष्टीने पाहावे. डोंगरिया कोंध लोक त्या डोंगराला नियमराजाचे वसतिस्थान मानतात. डोंगरमाथ्यावर बॉक्साइट आहे आणि पायथ्याशी लांजीगढला वेदान्त कंपनीचा ॲल्युमिनाचा कारखाना. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रकल्पाला वाट करून देताना कंपनीने दरसाल नफ्याचे ५ टक्के किंवा १० कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, स्थानिकांच्या विकासासाठी द्यावी अशी अट घातली होती. २०१० साली इंग्लंडच्या चर्चने त्या कंपनीतील आपले भाग नैतिक कारणास्तव विकून टाकले (विकलेले भाग कोणीतरी घेतलेच असणार, म्हणजे यजमान बदलला, यज्ञ तोच राहिला), आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने वनजमिनीची परवानगी नाकारली. वाद पुन्हा न्यायालयात गेला तेव्हा, १८ एप्रिल २०१३ रोजी, न्यायालयाने वनाधिकार कायद्याचा आधार घेऊन सांगितले की नियमराजाच्या उपासनेचा हक्क बाधित होतो की नाही हे ग्रामसभांनी ठरवावे. खाणीची जागा देवाच्या शिखरापासून सुमारे दहा किलोमीटर दूर, हाही मुद्दा सभांपुढेच जाणार होता. जणू देवाच्या राज्याची हद्द मोजणीकामदाराने साखळी टाकून ठरवावयाची! रायगडा जिल्ह्यातील सात आणि कालाहांडीतील पाच अशा बारा ग्रामसभा, जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली, जुलै-ऑगस्टमध्ये भरल्या, आणि बाराही सभांनी नकार दिला. अनुमन्ता होण्याचे त्यांनी नाकारले. यादीतील पहिलीच जागा रिकामी राहिली.

मोबदला आणि दान यांत आपली नेहमी गल्लत होते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, त्यातून शाळा-दवाखाने उभे राहतात, आणि पाटीवर कंपनीचे नाव असे लिहिले जाते की ते दान वाटावे. दान स्वेच्छेचे असते. ज्याच्या शेतात खाणीचा गाळ उतरला त्याला जे द्यावयाचे ते ऋण. गोमंतकातील लोहखनिजाच्या खटल्यात २०१४ साली न्यायालयाने खनिजविक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के भावी पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकावयास सांगितले, तेव्हा न जन्मलेल्यांचाही धनको म्हणून स्वीकार झाला. पितृऋणाची ओळख असलेल्या आपल्या समाजाला हे उलट दिशेचे ऋण समजावयास जड जाऊ नये, पण जाते खरे.

लांजीगढचा कारखाना मात्र बंद पडला नाही. बॉक्साइट ओडिशातील कोडिंगामालीहून येऊ लागले, परदेशातून गिनीहूनही येऊ लागले. तिकडच्या डोंगरांखाली राहणाऱ्यांची अनुमती कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतली, हे स्वयंपाकघरासाठी पातेले किंवा खिडकीसाठी चौकट घेताना आपण दुकानदाराला विचारीत नाही, आणि विचारले तरी त्याला ते सांगता येणार नाही. मनूच्या यादीतील ‘खाणारा’ म्हणून आपले नाव घालावयाचे की नाही, हा वाद निदान त्यामुळे तरी मिटत नाही.