केलं कुणी?

टीव्हीवर इतिहासाच्या नावाखाली काही माहितीपट सारखे चालू असतात. पिरॅमिड दाखवतात, संगीत गंभीर होतं आणि निवेदक विचारतो, हे माणसांना जमलं असेल का? की परग्रहावरून कुणी आलं होतं? ठाम काहीच सांगत नाही, नुसतं विचारतो. एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ साली पुस्तक लिहून ही कल्पना घरोघरी पोचवली, आता ती मालिकांतून येते. आमच्याकडेही आवडीने बघतात, मीही भाजी निवडता निवडता बघते. करमणूकच तर आहे, त्यात काय बिघडलं, असं सगळे म्हणतात. मला मात्र वाटतं, काहीतरी बिघडतं.

पिरॅमिडचंच घ्या. गिझाला कामगारांच्या कबरी सापडल्या आहेत, त्यांच्या वस्तीतल्या भाकरीच्या भट्ट्या सापडल्या आहेत. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पपायरस मिळाले. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. आपली माणसं घेऊन तो तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाला नेत होता. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, सगळं लिहून ठेवलंय. एवढा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला बाजूला सारून आपण आकाशाकडे बघायचं?

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही हेच बोलतात. डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे माणसाचं काम नव्हेच म्हणे! वडोदऱ्याला मिळालेल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटात मात्र वेगळीच गोष्ट आहे. ते मंदिर बघून खुद्द शिल्पीच थक्क झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं, असं त्याला वाटलं, असं त्यात वर्णन आहे. थक्क व्हायला हरकत नाहीच. पण त्या शिल्प्याला आपल्या हातांचं नवल वाटलं. आपण त्याचे हातच नाकारतो.

कुणी म्हणेल, तुम्ही अनेकांतवाद मानणारे, मग ही बाजू का नाकारता? अहो, अनेकांत म्हणजे एकच वस्तू अनेक बाजूंनी बघणं. त्यासाठी आधी बघावं तर लागतं! न बघता केलेली कल्पना ही बाजू होत नाही. आणि अचौर्यव्रत काय सांगतं? न दिलेलं घेऊ नये. एखाद्याच्या कष्टाचं श्रेय काढून तिसऱ्याच्या पदरात टाकलं, तर तेही घेणंच की.

पण सगळा दोष टीव्हीवर टाकून मोकळं होता येत नाही. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी जुन्या मराठीत लेख आहे : श्रीचावुण्डराजें करवियलें. आपण मराठी माणसं तो अभिमानाने दाखवतो. शब्द मात्र नीट वाचावा. 'केलें' नव्हे, 'करवियलें'. चामुंडरायांनी करवून घेतलं. मग केलं कुणी? सुमारे सत्तावन्न फुटांची ती शांत मुद्रा कुणाच्या छिन्नीतून उतरली? त्या ओळीत ते नाव नाही. करवणाऱ्याचं नाव उरतं, करणाऱ्याचं पुसतं. मग त्या मोकळ्या जागेत कुणीही परग्रहवासी आणून बसवतो.

बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शंभर माणसांचं जेवण उठतं आणि पाहुणे म्हणतात, "कार्य छान पार पडलं हो." पार पडलं! जणू आपोआपच. पहाटेपासून चुलीपुढे कोण होतं, हे कुणाच्या मनात येत नाही. घर 'चालतं', सण 'होतात', म्हातारी माणसं 'सांभाळली जातात'. या वाक्यांतून माणूस हलकेच गळतो.

मुलांनी असे माहितीपट बघूच नयेत, असं मी म्हणणार नाही. कुतूहल जागं होतं, ते चांगलंच. फक्त निवेदकाने "हे कसं शक्य आहे?" असं विचारलं, की शेजारी बसलेल्या आजीने दुसरा प्रश्न विचारावा : त्या माणसांना रोज भाकरी कोण करून घालत होतं रे?